पिंपळ वाचायला शिका

कौलं फुटून छपरातून उन्हाची तिरीप खाली उतरलेली असते. ओल्या भिंतीवर शेवाळ चढलेलं असतं आणि कोनाड्याच्या भेगेतून पिंपळाचं रोप डोकावत असतं. पडकी घरं, वाडे, जुनी चर्चं यांचे फोटो काढणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. या ओढीनं मी बरीच वर्षं कोकणात, वसई-रेवदंड्यात आणि गोव्यात फिरतो आहे. नव्यानं या छंदात येणाऱ्या माणसाला मला सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. फोटोत जे देखणं दिसतं, ते बहुतेक वेळा त्या इमारतीच्या दुखण्याचं लक्षण असतं. तिरीप आली म्हणजे छप्पर गेलं. शेवाळ आलं म्हणजे भिंतीत पाणी मुरलं. पिंपळ आला म्हणजे सांधे सुटायला लागले. ही लक्षणं वाचता येत नाहीत तोवर उंबरठा ओलांडू नका.

कोकणातलं घर पडायला वरून सुरुवात होते. घरात माणसं असतात तेव्हा पावसाआधी शाकारणी होते, कौलं चाळून फुटकी बदलली जातात, रिपा तपासल्या जातात. घर बंद झालं की पहिल्यांदा हे काम थांबतं. माकडं छपरावरून उड्या मारत जातात, दोनचार कौलं सरकतात आणि जूनपासून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशात आणि वाशाच्या टोकाशी भिंतीच्या माथ्यात उतरतं. भिंत मातीची असेल तर माथा विरघळू लागतो. जांभ्याची असेल तर ती जास्त तग धरते, कारण खाणीतून काढताना मऊ असलेला जांभा हवेवर टणक होत जातो. पण दोन चिऱ्यांमधली माती किंवा चुना धुऊन गेला की चिरे नुसते एकावर एक उभे राहतात. दरम्यान वाळवी लाकडात शिरलेली असते. ती बाहेरची पातळ साल राखून आतलं खाते, त्यामुळे माळ्याच्या फळ्या वरून धडधाकट दिसतात आणि पाय पडताच खचतात.

सिंधुदुर्गातल्या एका गावात आम्ही चौघं गेलो होतो. घराचे मालक मुंबईला. त्यांची फोनवर परवानगी घेतली होती, किल्ली शेजारच्या आजींकडे होती. किल्ली हातात देताना आजी म्हणाल्या, "झिलांनू, माळ्यार चडू नकात. फळये कुसलेत." आम्ही तिघं खालीच राहिलो. चौथ्याला माळ्यावरच्या झरोक्यातून येणारा उजेड हवा होता. तुळईच्या रेषेवर पाय ठेवत तो व्यवस्थित वर पोहोचला. मग त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि चौकटीत आणखी थोडं छप्पर घ्यावं म्हणून एक पाऊल मागे टाकलं. फळी तुटली आणि तो खाली माजघरात कोसळला. घोटा मोडला, एका गंजक्या खिळ्यानं दंड उसवला. त्या घरापर्यंत गाडीचा रस्ता नव्हता, नुसती पाखाडी होती. वाडीतल्या माणसांनी त्याला एका जुन्या दाराच्या फळीवर घालून पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेलं. ग्रामीण रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी झाली, पुढे मोठ्या गावी शस्त्रक्रिया. कित्येक महिने तो काठीशिवाय चालू शकला नाही. आजी मात्र आम्हालाच धीर देत होत्या, चहा करून पाजत होत्या.

तेव्हापासून पडक्या घरात लाकडी मजल्यावर चढायचं नाही हा आमचा नियम झाला आणि त्याला अपवाद ठेवलेला नाही. फळ्या कितीही जाड दिसोत, मालक स्वतः 'चढा' म्हणोत. दुसरा नियम त्याच दिवसाचा: कॅमेरा डोळ्याला लागला की पाय हलवायचा नाही. जागा बदलायची असेल तर कॅमेरा खाली घ्या, वळून बघा, मग पाऊल टाका. विहिरीही असंच पाऊल टाकणाऱ्याची वाट बघत असतात. परसातली कठडा ढासळलेली विहीर भाद्रपदात गवतानं पूर्ण झाकलेली असते, आणि शोषखड्ड्यावरची जुनी फरशी माणसाचं वजन पेलेलच असं नाही. म्हणून हातात काठी हवी. पुढची जमीन काठीनं दाबून बघायची.

आत जाण्याआधी घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. लांब उभं राहून आढ्याची रेषा बघा. ती सरळ असेल तर छपराचा सांगाडा अजून काम करतो आहे. मध्ये झोळ पडला असेल तर त्या पाख्याखाली जायचं नाही. खांबांचे पाय बघा, ओल तिथूनही चढते. शंका आली तर दारातूनच फोटो काढा. मला स्वतःला आवडणारे माझे बहुतेक फोटो दारात किंवा खिडकीबाहेर उभं राहून काढलेले आहेत. वाइड लेन्स असेल तर चौकट, ओटी, माजघर आणि मागच्या दारातून दिसणारं रान असं सगळं एका रेषेत येतं. आत काळोख आणि छपराच्या भोकातून लख्ख उजेड असतो, तो एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही. ट्रायपॉड उंबऱ्याशी घट्ट लावून त्याच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त अशी तीन एक्स्पोजर घ्या आणि घरी एकत्र करा. त्यासाठी आत जाण्याची काहीही गरज नसते.

आता झाडाकडे येतो. पिंपळ, वड, उंबर, नांदरूक या सगळ्यांचं बी अतिशय बारीक. मैना, बुलबुल, कोकिळा, वटवाघळं फळं खातात आणि विष्ठेतून ते बी भिंतीच्या माथ्यावर, कमानीच्या खांद्यावर, पन्हाळीच्या कोपऱ्यात येऊन पडतं. जुन्या बांधकामातला चुना ओल धरून ठेवतो, रोपाला तेवढं पुरतं. केसाइतकं मूळ सांध्यात शिरतं, ओलीच्या मागे आत जातं आणि मग जाड होतं. दगड बाजूला सरकतो, त्या फटीत आणखी पाणी शिरतं, मूळ आणखी खोल जातं.

एका म्हाताऱ्या गवंड्यानं मला भिंत बघायला शिकवलं. ते झाडाकडे बघतच नसत. कोपऱ्याशी जाऊन, गाल भिंतीच्या जवळ आणून, भिंतीच्या अंगावरून नजर टाकत आणि म्हणत, "पोट काढलंय बघा." झाडाखाली हातभर जागेत भिंत बाहेर फुगलेली असे. मग ते पायथ्याशी पडलेला चुरा बघत. चुऱ्यावर शेवाळ असेल तर पडझड जुनी. चुरा ताजा, लालभडक असेल तर भिंत अजून हलते आहे. भेगेचंही तेच. आत कोळ्याचं जाळं, धूळ, नेचाचं रोप असेल तर ती भेग बरीच वर्षं तशीच आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर तिथून निघून यायचं. भेग खाली बारीक आणि वर रुंद होत गेली असेल तर भिंतीचा माथा बाहेर झुकतो आहे असं समजायचं.

सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांनी तोडलेल्या पिंपळाबद्दल सांगितली. जिवंत झाड भिंत फोडतं हे खरं, पण बरेचदा फोडलेले तुकडे त्याच मुळांच्या जाळीत धरलेले असतात. कुणीतरी चांगल्या हेतूनं झाड वरून तोडतं. आतली मुळं मरतात, कुजतात, आणि त्यांच्या जागी भिंतीत पोकळ्या राहतात. बाहेरून भिंत मोकळी, स्वच्छ दिसते. अशी भिंत हिरव्या पिंपळाच्या भिंतीहून जास्त धोक्याची. बुंध्याचा सुकलेला खुंट दिसला की मी अंतर वाढवतो. भिंत जितकी उंच, तिच्या दीडपट लांब उभं राहायचं, कारण पडणारे दगड पायथ्याशी थांबत नाहीत, घरंगळत येतात. रायगड जिल्ह्यातल्या एका वाड्याची पिंपळानं कवळलेली भिंत मी उन्हाळ्यात आणि पुन्हा श्रावणात टिपली होती. पुढच्या पावसाळ्यात ती एका रात्रीत अंगणात पडली. दिवसा त्याच अंगणात मुलं खेळत असत.

देखभाल थांबली की काय होतं, हे बघायचं असेल तर जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी जा. जांभ्यातलं हे प्रचंड चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बंद केले, त्यानंतर १८३५ मध्ये ते सोडून द्यावं लागलं. १८४२ मध्ये त्याचं कमानदार छत कोसळलं. दोनशेहून जास्त वर्षं उभं राहिलेलं छत माणसं निघून गेल्यावर सात वर्षं टिकलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, १९३८ मध्ये आणखी काही. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा जो अवशेष आपण बघतो तो त्यातून उरलेला. तिथली मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली, म्हणून ती वाचली. कुठल्याही बंद घरासमोर उभा राहिलो की मला ही सात वर्षं आठवतात. कुलूप कधी लागलं, हा प्रश्न मी गावात आवर्जून विचारतो. दहा पावसाळे शाकारणी न झालेल्या घरात मी पाऊल टाकत नाही.

या छंदाचं जगभर ज्या फोटोंनी वेड लावलं, त्यात कंबोडियातल्या ताप्रोहम मंदिराचे फोटो अग्रभागी आहेत. शिखरांवर बसलेली झाडं आणि दारांवरून ओघळलेली मुळं. फ्रेंच संशोधकांनी अंगकोरमधलं हे मंदिर बऱ्याच अंशी सापडलं तसंच ठेवायचं ठरवलं. पण तसंच ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. तिथे भिंतींना आधार दिलेले आहेत, लोकांसाठी लाकडी वाटा आखलेल्या आहेत, आणि आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथे अनेक वर्षं जतनाचं काम केलं आहे. फोटोत हे दिसत नाही. ते फोटो मनात घेऊन आपण कोकणातल्या एखाद्या निराधार घरात शिरतो, तिथे आधार देणारं कुणी नसतं.

म्हणून सुरुवात वसईच्या किल्ल्यापासून करा, असं मी सगळ्यांना सांगतो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला आत चर्चं, कमानी, जिने आणि त्यांवर चढलेल्या मुळांनी भरलेला आहे. तिथे पुरातत्त्व खात्याची देखरेख आहे, माणसांची ये-जा आहे. रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या बागांमधून चर्चचे अवशेष उभे आहेत, तेही बघा, मात्र बागा लोकांच्या आहेत, विचारून आत जा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी आणि ड्रोनसाठी आधी परवानगी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कमानीच्या माथ्यावर चढलेली जोडपी मी वसईत पाहिली आहेत, आणि खालून त्यांना आणखी कडेला या म्हणणारे फोटोग्राफरही. त्या कमानीच्या पोटात झाड आहे की नाही, हे त्यांच्यापैकी कुणी बघितलेलं नसतं. हे थांबलं पाहिजे.

ऋतूबद्दल माझं मत ठाम आहे. सगळ्यांना श्रावण-भाद्रपद हवा असतो, हिरवाई तेव्हाच असते. पण भिंती तेव्हाच पाण्यानं सर्वांत जड आणि सर्वांत कमकुवत असतात. ओळखीचं घर आधी फाल्गुन-चैत्रात बघून या. पानं गळालेली असतात, गवत वाळलेलं असतं, विहीर, भेगा, झोळ सगळं उघडं दिसतं. मनाशी नकाशा करा. मग पावसाळ्यात त्याच नकाशावर, बाहेरच्या बाहेर फोटो काढा.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. घोट्याच्या वर येणारे बूट आणि लांब, जाड विजार. जांभ्याच्या चिऱ्यांत आणि पडलेल्या कौलांच्या ढिगात फुरसं आणि लाल विंचू असतो, म्हणून दगड, कौल, फळी हातानं उचलायची नाही आणि कोनाड्यात हात घालायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि कोकणातल्या कितीतरी लोकांचे प्राण वाचले, पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचावा लागतो. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करू नका. तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा. कुठलं रुग्णालय जवळ आहे आणि फोनची रेंज कुठे येते, हे निघतानाच बघून ठेवा. कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी ती कमान सोडून द्या. वटवाघळांच्या विष्ठेची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क हवा, आणि त्यांच्यावर फ्लॅश मारू नये. थंडीत परसात खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, तिची कुसं अंगावर उडाली की पुढचे काही तास फोटो विसरा.

माणसांचा विषय मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये एक तरुण छायाचित्र-पत्रकार कामासाठी गेली होती. सोबत सहकारी होता. त्याला बांधून ठेवून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. दोष सर्वस्वी गुन्हेगारांचा होता आणि न्यायालयानं त्यांना शिक्षाही दिली. तरी आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवायला हवं की आपल्याला ओसाड वाटणारी जागा ओसाड असतेच असं नाही. शहरातल्या बंद गिरण्या, गोदामं, अर्धवट इमारती यांत कुणी ना कुणी वावरत असतं. कामावर पाठवणाऱ्या संपादकांना, शिक्षकांना, क्लब चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्यांना, नव्या मुलामुलींना अशा जागी पाठवताना मालकाची लेखी परवानगी, चारपाच जणांचा गट, दिवसाची वेळ आणि परतायची ठरलेली वेळ हे सगळं तुम्ही बघा, त्यांच्यावर सोपवू नका. आत कुणी राहताना आढळलं तर नमस्कार करून मागे फिरा. ते त्यांचं घर आहे, आणि त्यांच्या गरिबीचा फोटो त्यांच्या मनाविरुद्ध काढायचा अधिकार आपल्याला नाही.

गावातलं बंद घरही कुणाचं तरी असतं. कोकणात चाकरमानी गणपतीला, शिमग्याला येऊन ते उघडतात, निदान एक दिवा लावून जातात. सातबाऱ्यावर भावकीतली दहा-पंधरा नावं असतात, एकमत होत नाही म्हणून दुरुस्ती होत नाही. गोव्यात वारसांची संमती न जुळल्यानं मोठमोठी घरं अशीच उभी आहेत, काही वारस तर लिस्बनला. म्हणून किल्लीवाल्याकडे, पोलीस पाटलांकडे किंवा शेजारी आधी जा. कशासाठी फोटो हवेत ते सांगा. देवघरापाशी आणि तुळशीपाशी चपला-बूट घालून जाऊ नका. जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, नारळ ठेवा असं कुणी सुचवलं तर ठेवा. ती त्या गावची रीत आहे, आणि अशा गप्पांतूनच कुठली भिंत कच्ची आणि कुठे विहीर आहे हे कळतं. आमच्या त्या मित्रानं ऐकलं असतं तर आजींचं एक वाक्य त्याला पुरेसं होतं.

आतली वस्तू हलवू नका. चौकटीत छान दिसावी म्हणून खुर्ची सरकवणं, बाहुली आणून ठेवणं हे खोटं आहे. आणि फोटो प्रसिद्ध करताना गावाचं, वाडीचं नाव देऊ नका, फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका. कोरीव खांब, दारं, पितळेच्या कड्या यांना शहरात चांगली किंमत मिळते आणि चोर फोटो बघून पोहोचतात. मी फोटो काढलेल्या एका घराचं नक्षीचं दार नंतर नाहीसं झालं. ते फोटोमुळे गेलं की आणखी कशानं, हे कळलं नाही, पण त्यानंतर मी ठिकाण लिहिणं बंद केलं.

तारीख मात्र नक्की लिहा. शक्य असेल तर दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच लेन्सनं एक फोटो घ्या. मूळ किती जाड झालं, भेग किती रुंदावली, हे अशा फोटोंतूनच कळतं आणि घर वाचवू बघणाऱ्या गवंड्याला, वास्तुविशारदाला ते कामाला येतं. वर सांगितलेल्या रायगडातल्या वाड्याची भिंत पडल्यावर त्या कुटुंबानं माझ्याकडून सगळे फोटो मागून घेतले. उरलेल्या तीन भिंतींपैकी कुठली उतरवायची आणि कुठली राखायची, हे ठरवायला त्यांना ते उपयोगी पडले. म्हणून तुम्हीही फोटो काढून झाले की एक संच घरमालकांना पाठवा, आणि भिंतीनं पोट काढलेलं दिसलं असेल तर त्याच दिवशी फोन करून सांगा.